मावसाजी, पोट्टे आणि छर्ऱ्याची बंदूक

भंडारा जिल्ह्यात दहा ते वीस वयाचं असं एकही मूल नसेल, की ज्याच्या हातात आमच्या मावसाजींनी एकदा तरी छर्ऱ्याची बंदूक दिलेली नाही. आणि असं एखादं सापडलंच तर ते त्या दिवशी तापानं फणफणलेलं असणार, एवढाच त्याचा अर्थ. लोक लग्नाला जातात ते जेवायला. मावसाजी जातात ते पोरांचे खांदे बघायला. पंगतीत वाढणारा एखादा मुलगा भाजीची बादली न हिंदकळता नेताना दिसला की यांचं जेवणावरचं लक्ष उडालंच. सानगडीला त्यांची लेक दिली आहे; तिथल्या बाजारात वांगी निवडता निवडता ते भाजीवालीला विचारतात, "तुह्या पोराचा कोणता डोळा मिटते वो बाई, डावा का उजवा?" तिला वाटतं पोराच्या डोळ्यात काही खोट निघाली. ती घाबरून पोराला हाक मारते, पोरगं येतं, मावसाजी त्याला एक डोळा मिटायला लावतात, आणि तोवर आमची मावशी दुसऱ्या दुकानातून वांगी घेऊन मोकळी झालेली असते.

जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला, तेव्हा लोकांना आता कोणत्या कामाला कुठल्या गावी जायचं याची काळजी पडली. मावसाजींना दुःख एकच होतं. नेमबाजी शिकवणारे त्यांच्या ओळखीचे एकुलते एक गृहस्थ वाटणीत पलीकडच्या जिल्ह्यात गेले होते. थोरल्या भावानं म्हैस नेली आणि आपल्या हाती दावं राहिलं, अशा सुरात ते हे महिनाभर सांगत होते. मग एक दिवस सांगणं थांबलं आणि त्यांनी मोहाडीतल्या विणकरांच्या बंद पडलेल्या शेडीची किल्ली मागून आणली. एके काळी तिथे बारा हातमाग चालत. त्यातल्या एकावर मावसाजींनी स्वतः तीस वर्षं कोशाच्या साड्या विणल्या होत्या. पुढे उजवा खांदा कुरकुरायला लागला तेव्हा त्यांनी माग सोडला आणि यापुढे धोट्याला हात लावणार नाही असं जाहीर केलं. आता त्या शेडीच्या एका टोकाला वाळूची पोती रचली, त्यापुढे निशाणाच्या पाट्या ठोकल्या, दहा मीटर मोजून चुन्याची रेघ मारली आणि दोन जुन्या बंदुका मिळवल्या. नेमबाजीची त्यांची स्वतःची शिदोरी म्हणजे शाळेतलं एन.सी.सी.चं एक शिबिर. पण एवढ्याशा गोष्टीनं अडून बसणाऱ्यांपैकी ते नव्हेत.

शिकवण्याची त्यांची रीत अशी, की पहिले पंधरा दिवस छर्राच द्यायचा नाही. बंदूक धरायची, नळीवर धानाचा एक दाणा ठेवायचा आणि घोडा असा ओढायचा की दाणा पडता कामा नये. तीनदा पडला की त्या दिवशी घरी. बँकेतून रजा काढून मीही एकदा हौसेनं गेलो होतो. माझा दाणा मी घोड्याला हात लावायच्या आधीच पडला. भाचा म्हणून सवलत देऊन त्यांनी मला एक छर्रा दिला, तो निशाण, पाटी आणि पोती यांना सोडून वरच्या पत्र्यात गेला. मावसाजींनी माझ्या हातातून शांतपणे बंदूक काढून घेतली आणि म्हणाले, "तू बँकेतच बरा हायेस."

आणि शिस्त तर अशी की विचारू नका. बंदूक रिकामी असो की भरलेली, नळी माणसाकडे वळली की त्या पोराला आठ दिवस शेडीत यायची बंदी. हा नियम त्यांनी हळूहळू सगळ्या सृष्टीला लावला. रंगपंचमीला नातवाची पिचकारी जप्त झाली. सोयरीक जमवायला आलेल्या एका पाहुण्यानं बोलण्याच्या भरात त्यांच्याकडे बोट रोखलं, तर त्याला बोट खाली करायला लावलं. सोयरीक जमली नाही. एकदा मावशी स्वयंपाकघरातून सराटा, म्हणजे उलथणं, रोखूनच बाहेर आली आणि विचारू लागली, "जेवाले येता का नाही?" मावसाजी म्हणाले, "आधी सराटा खाली कर." मावशी म्हणाली, "भरलेला नाही जी, रिकामाच हाये."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईत फुगे फोडायचा ठेला असतोच. मावसाजी त्या ठेल्याशेजारी तासन् तास उभे असत. ज्याचे फुगे फटाफट फुटतात त्याच्याकडे ते बघतही नसत. "त्याले वाटते आपल्याले येते. त्याले काय शिकवू?" त्यांचं लक्ष असे चुकणाऱ्यांवर. चुकलेलं पोरगं ठेलेवाल्याशी भांडलं तर तेही बाद. आंबागडच्या मंडईत मामाकडे आलेली एक मुलगी चुकली, दुसऱ्यांदा चुकली, आणि ठेलेवाल्याला म्हणाली, "भाऊ, बंदूक वाकडी हाये का मी? एकदा तुम्ही मारून दाखवा." मावसाजींनी तिथल्या तिथे तिचं नावगाव विचारलं. ती निघाली मोहाडीचीच, त्यांच्या घरापासून चौथ्या गल्लीतली, अकरावीत शिकणारी प्रणाली. सारा जिल्हा पालथा घालणाऱ्या मावसाजींना चार गल्ल्या तेवढ्या राहिल्या होत्या.

प्रणालीनं धानाचा दाणा सहा दिवसांत जिंकला. दोन वर्षांत ती अशी तयार झाली की मावसाजी तिच्याविषयी बोलताना आवाज खाली आणत. इतक्या वर्षांत त्यांच्या शेडीतलं एकही मूल नागपूरच्या विभागीय स्पर्धेतून पुढे गेलं नव्हतं. राज्याच्या स्पर्धेत मोहाडीचं नाव पुकारलं जावं, ही एकच गोष्ट त्यांना हवी होती, आणि ती हिच्याकडून होईल अशी त्यांची खात्री होती. पण दर आठ-दहा छर्ऱ्यांमागे एक छर्रा उजवीकडे पळायचा. का, ते कोणाला कळेना. शेवटी मावसाजींनी तिला विचारलं, "सकाळी इथं याच्या आधी तू काय करतेस?"

"माग चालवतो," ती म्हणाली. वडिलांचे गुडघे गेले होते, मागाच्या पावड्या त्यांच्यानं दाबवत नव्हत्या. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास ती मागावर बसे.

हातमागावर विणकर उजव्या हातानं दोरीला झटका देतो तेव्हा धोटा या टोकाकडून त्या टोकाला पळतो. दिवसभरात हजारदा. तो झटका मनगटात घर करतो, आणि बंदुकीचा घोडा ओढताना नेमका नको तेव्हा बाहेर येतो. हे मावसाजींना कोणी सांगायची गरज नव्हती. ते स्वतः कधीच बंदूक चालवत नसत, आणि त्यावर गावात नाना तर्क होते; कोणी म्हणे मोतीबिंदू आहे, कोणी म्हणे नवस आहे. त्या दिवशी मी सुटीत त्यांच्याकडे मुक्कामाला होतो; चहा पिताना त्यांनी मला सांगून टाकलं. "तीस वर्ष झटका मारला बापा. आता माहा छर्रा म्हशीले नाही लागत. मी कायले मारून दाखवू? माहं जे झालं ते हिचं नाही होऊ देत."

दुसऱ्या दिवशी ते तिच्या वडिलांकडे गेले. मी सोबत होतो. स्पर्धेला दोन महिने होते आणि तेवढे दिवस पोरीनं मागाला हात लावू नये, असं त्यांनी सरळ सांगितलं. वडील वाईट माणूस नव्हता, पण तो चक्रावला. "अन् माग कोण चालवन जी?"

"मी."

"तुम्ही तं सोडला ना? तुमचा खांदा..."

"खांदा माहा हाये. तू कायले काळजी करतं?"

आणि आमचे मावसाजी, वय वर्षे सदुसष्ट, दुसऱ्याच्या घरी दुसऱ्याच्या मागावर जाऊन बसले. सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन. मधल्या वेळात शेडीत पोरं. रोज जेवताना घास डाव्या हातानं घ्यायची पाळी आली, पण कोणी खांद्याचं नाव काढलं की विषय बदलायचा. मावशीनं एकदाच विचारलं, "ते पोरगी तुमची कोण लागते?" ते म्हणाले, "तू तेल गरम कर." तिनं केलं, आणि दोन महिने रोज केलं.

स्पर्धेला प्रणालीला घेऊन मी गेलो. मावसाजी आलेच नाहीत. साडी अर्ध्यावर आहे, असं कारण त्यांनी दिलं. खरं म्हणजे त्यांना भीती वाटत होती, आणि भीती वाटते हे सांगायची त्याहून जास्त भीती वाटत होती. निकाल लागला तसा मी फोन केला. पलीकडून आधी मागाची खटखट आली, मग त्यांचा आवाज. मी काही सांगायच्या आत त्यांनी विचारलं, "शेवटच्या दहात हात हालला का?"

"नाही हालला. राज्याला निवड झाली."

फोन तसाच सुरू होता आणि खटखट मात्र बराच वेळ बंद होती.

प्रणाली आता नागपूरला शिकते, तिथल्याच रेंजवर सराव करते. तिच्या वडिलांनी दुसरा विणकर ठेवला, तरी त्यांची तक्रार आहे की मावसाजींच्या हातचा पदर त्याला येत नाही. मावसाजींचा उजवा हात मात्र आता कानाच्या वर जात नाही. टोपी डाव्या हातानं घालतात, आणि ती नेहमी थोडी वाकडी बसते. मला ते पाहवत नाही. हा माणूस इतकं करतो आणि त्याला ते काही केल्यासारखं वाटतच नाही, याचा कधी कधी रागही येतो.

मी निवृत्त झालो त्या आठवड्यात ते माझ्याकडे भंडाऱ्याला आले. पेढे खाल्ले. मग म्हणाले, "यंदा दोघी पोट्ट्या हायेत. दोघीही विणकराच्या. अन् खांदा एकच, तोही अर्धा." पुढचं त्यांनी विचारलं नाही, पण ते घरी जायला उठलेही नाहीत.

आता मी रोज सकाळच्या बसनं मोहाडीला जातो. एका अनोळखी घरात, अनोळखी मागावर, साठाव्या वर्षी धोटा पळवायला शिकतो आहे. तो निम्म्या वाटेतच अडतो. आणि इतकी वर्षं पोरांना झटका देऊ नका म्हणून सांगत आलेले मावसाजी माझ्या पाठीशी उभे राहून, दुखरा हात पोटाशी धरून सांगत असतात, "झटका दे बेटा. अजून जोरानं. भेऊ नोको, तुले कुठं नेम लावाचा हाये."