पयलो घावन

मी देवबाग सोडलं त्या सकाळी माझी बॅग पडवीत होती आणि माझ्या खोलीत एसी बसवायला आलेला माणूस भिंतीला भोक पाडत होता. मी अजून घराबाहेरसुद्धा पडले नव्हते! आई मला काहीतरी सांगत होती, पण ड्रिलच्या घरघरीत एक शब्द कळेल तर शपथ. मी आपली मान हलवत होते. वहिनी टेप घेऊन खिडकीशी उभी, पडद्याचं माप घेत.

"प्राजू, निळो बरो दिसतलो काय पांढरो?" तिने विचारलं.

माझी खिडकी, माझी खाडी, आणि पडदा कुठला ते मला विचारतेय, तेही मी चालले असताना. मी बॅगेची चेन जोरात ओढली आणि म्हटलं, "खंयचोय लाव."

आईने पिशवीत कोकमाच्या आगळाची बाटली, सुक्या सोड्यांची पुडी आणि घावनाच्या पिठाचा डबा कोंबला. "पोचलंस की फोन कर. उपाशी रव नको." दादाने बाईक चालू केली. माडांच्या वळणावर मी मागे वळून पाहिलं, तर आई दारात नव्हती. एसीवाल्याला चहा द्यायला आत गेली होती.

तुमच्यापैकी जे गावातच राहिलात त्यांना हे हसण्यासारखं वाटेल. जे माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांना कळेल. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये आमचं घर. बाबा गेल्यावर दादाने मासेमारी सोडली आणि होडीतून पर्यटकांना फिरवायला लागला. मग शिरोड्याची वहिनी लग्न होऊन आली आणि तिने घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायचं डोक्यात घेतलं. चांगलं डोकं आहे तिचं, नाही म्हणत नाही. मला पुण्यात विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली आणि माझी खोली झाली 'रूम नंबर दोन'.

पुण्यात सहाव्या मजल्यावर एक बेडरूमचा फ्लॅट भाड्याने घेतला. सुरुवातीला गादी, कुकर आणि प्लास्टिकची एक खुर्ची, एवढाच संसार. पण खोटं कशाला बोलू, मला तिथे मजा यायला लागली. समुद्राकाठी वाढलेल्या माणसालाच कळतील अशा मजा. मीठ! डब्यातलं मीठ सुटं राहतं हो! आमच्याकडे मिठाच्या भांड्यात कायम पाणी सुटलेलं. इथे चिमटीत घेतलं की भुरभुर पडतं. पापड दुसऱ्या दिवशीही कुरकुरीत. कडी-कोयंड्याला गंज नाही, कपाटातल्या साडीला वास नाही. गीझरचं बटण दाबलं की गरम पाणी. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उन्हाचा एक तुकडा येतो, त्यात मी चहाचा कप ठेवते आणि तो ऊन सरकेल तसा सरकवत बसते. गॅलरीत कढीपत्त्याचं एक रोप लावलं. त्याला नवीन पान फुटलं तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांना फोटो दाखवला.

वहिनीलाही पाठवला. का पाठवला? ती जळावी म्हणून. दुसरं काय! तिने संध्याकाळच्या खाडीचा फोटो टाकला की मी गीझरचा टाकायची. तिने ताज्या बांगड्याचा टाकला की मी लिफ्टमधल्या आरशातला माझा टाकायची. बांगड्याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथला मासेवाला बर्फातला बांगडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून देतो आणि वर 'एकदम फ्रेश' म्हणतो. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहते.

खरी आग लावली ती पाहुण्यांनी. आमच्या घरी राहून गेलेले लोक इंटरनेटवर अभिप्राय लिहितात आणि मी ते ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचते. 'खिडकीतून खाडी दिसते.' दिसणारच, मी लहानपणापासून बघतेय. 'पलंगाशेजारी भिंतीवर कुणीतरी पेन्सिलने होड्या काढल्या आहेत, फारच गोड.' कुणीतरी? मी काढल्यात त्या, आणि त्याबद्दल मारही खाल्लाय. 'आजींच्या हाताला चव आहे. अगदी घरच्यासारखं वाटलं.' हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगो बाई, घरच्यासारखं वाटलं ते तू घरची नाहीस म्हणून. आणि माझी आई तुझी आजी कधी झाली?

पुढे जोडून सुट्टी आली, मी रजा टाकून गावी गेले. एक गोष्ट डोक्यातच आली नव्हती, माझी सुट्टी तीच सगळ्या जगाची सुट्टी. सगळ्या खोल्या भरलेल्या. रूम नंबर दोनमध्ये पुण्याचंच एक जोडपं. मी आईशेजारी माजघरात चटई टाकली. माझ्या जुन्या खोलीतून एसीचा आवाज येत होता आणि मी टॉवेलने वारा घेत होते.

सकाळी उठून चुलीपाशी जाऊन बसले. आता तिथे गॅस आहे, तरी आम्ही चुलीपाशीच म्हणतो. आई घावन घालायला बसली होती.

इथे घावनाचं थोडं सांगायला हवं. तांदळाचं पीठ पाण्यासारखं पातळ कालवायचं, बिडाच्या तव्याला नारळाच्या शेंडीने तेल फिरवायचं आणि पीठ वरून सोडायचं, की जाळी पडते. पण पहिला घावन कधी नीट निघत नाही. तवा अजून तयार झालेला नसतो. घावन चिकटतो, कालथ्याने खरवडावा लागतो, त्याच्या चिंध्या होतात. असला घावन पाहुण्याला कोणी वाढत नाही. तो घरच्या माणसाच्या हातावर पडतो, ताट नाही, वाटी नाही, तिथेच बसून खायचा. आमच्या घरात तो माझा. दादाने हात पुढे केला तरी आई म्हणायची, "थांब रे, पयलो बायचो." ती बाय म्हणजे मी.

तर मी बसले. आईने पीठ सोडलं, झाकण ठेवलं, काढलं. घावन चिकटला. तिने खरवडला, कालथ्यावर घेतला आणि न बघताच हात बाजूला केला. मी तळवा पुढे केला होता. हात गेला तो दुसऱ्या बाजूला. तिथे वहिनी खोबरं किसत बसली होती. तिने किसणीवरचा हात पदराला पुसला, तो फाटका घावन घेतला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला. दोघींपैकी कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. रोजचंच होतं ते.

आणि मला आई काय म्हणाली? "तू कित्याक हंय उकाड्यात बसलंस गो? टेबलार बस जा. देतंय तुका."

पडवीतल्या टेबलावर माझ्यापुढे ताट आलं. दोन अख्खे घावन, त्रिकोणी घडी घातलेले, शेजारी वाटीत गूळ घातलेला नारळाचा रस. पाहुण्यांना येतं तसंच, तंतोतंत. समोर रूम नंबर दोनमधली बाई बसली होती. हसून म्हणाली, "तुम्ही कुठून आलात?"

"पुण्याहून," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

"अय्या, आम्हीपण! कुठल्या रूममध्ये आहात?"

"रूम मिळाली नाही," मी म्हटलं आणि घावन खाली मान घालून खाल्ले. चांगलेच झाले होते. चांगले होते याचाच जास्त राग आला.

परत आल्यावर मी आईला फोन करणं सोडलं. तिचा आला तर 'हो', 'बरी आहे', 'मीटिंग आहे'. वहिनीचे फोटो बघायचे, उत्तर द्यायचं नाही. मनात एकच घोळायचं, मी आता तिथली पाहुणी. घावन फाटला काय नि अख्खा राहिला काय, पिठाला चव तीच, असं स्वतःला किती समजावलं. नाही समजलं. पहिला घावन मला नाही मिळाला, याचा अर्थ मी त्या घरातून गेले, हे मला कोणी तोंडाने सांगितलं नव्हतं, हातानेच सांगितलं होतं. आणि माझ्या जागी शिरोड्याची ती बसली होती.

पावसाळ्यात देवबागेत पर्यटक नसतात, तेव्हा आई पुण्याला आली. स्वतःहून. बरोबर डबा होता, त्यात वहिनीने दळून दिलेलं पीठ. पीठसुद्धा वहिनीचं! मी डबा घेतला आणि ओट्यावर जरा आपटूनच ठेवला.

आईला फ्लॅट आवडेल असं मला वाटलं नव्हतं. लिफ्टमध्ये तिने माझा दंड असा धरला की वळ उठला. पण घरात शिरून तिने पहिल्यांदा मिठाचा डबा उघडला, चिमूट उचलली आणि सोडली. पुन्हा उचलली. "अगो, हंय मीठ सुटा रवता!" मग पापड मोडून पाहिला. मग कपाटाची कडी सरकवून पाहिली. आंघोळीला गेली ती गरम पाणी पुरवून पुरवून वापरत बसली, आतून गुणगुणल्याचा आवाज येत होता. ओट्यावरच्या उन्हात मी चहाचा कप ठेवला तर तिनेही आपली बशी आणून शेजारी ठेवली. एकदम बरं वाटलं मला. हे वहिनीला बघायला मिळत नाही, म्हणून आणखी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घावनाचं पीठ कालवलं. माझ्याकडे नॉनस्टिक तवा. तिने गावाहून आणलेली नारळाची शेंडी तेलात बुडवून त्यावर फिरवली, तेलाचे नुसते थेंब झाले. "कसलो मेलो तवो हो," ती म्हणाली. पीठ सोडलं, झाकण ठेवलं, काढलं. पहिला घावन स्वतःहून सुटला. पांढरा, जाळीदार, कडेला कुठे चीर नाही.

"हेका काय चिकटताच नाय गो," आई खूश झाली. तिने तो ताटात घातला, घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवला. "खा."

मी ताट मागे सरकवलं. माझ्या घरात, माझ्या तव्यावर, माझ्या आईने मला परत पाहुणी केलं होतं! मग जे इतके दिवस दाबून ठेवलं होतं ते बाहेर आलं. "माका नको अख्खो. मी काय पावणी आसंय? थंयसर पयलो तिका दिलंस, माका टेबलार बसवलंस. आता हंयसर पण ताट?" ऑफिसात सगळा दिवस शुद्ध बोलणारी मी, रागावले की अशी गावची होते.

आईने गॅस बारीक केला. "त्येच्यासाठी फोन बंद केलंस तू?"

मी नखाने ताटाची कड खरवडत बसले.

"तू नोकरेक गेल्यार ती म्हायेराक शिरोड्याक जावन इली ना," आई म्हणाली, "तेव्हा माज्या चुलीकडे बसान रडली. म्हणाली, आई, माका थंय टेबलार वाढल्यानी. अख्खे घावने. पयलो बहिणीक दिल्यानी. म्हटलंय, गप रव. हंय पयलो तुझो." तिने कालथा पुसला. "तेव्हा तू खंय होतंस? तुझ्या ऑफिसात, पुण्याक. तुका काय गो, तू माज्या पोटातला. तुका दिलंय, नाय दिलंय, तू खंय जातलंस?"

"पोटातली म्हणून मी टेबलार?" मी म्हटलं. कारण समजलं म्हणून जळणं लगेच थांबत नाही. पण मला शिरोड्याचं ते टेबल दिसलं. त्यावरचं अख्ख्या घावनांचं ताट दिसलं, आणि घडी न मोडता त्याच्याकडे बघत बसलेली वहिनी. तिने माझ्या पडद्याचा रंग मला विचारला होता. तिच्या माहेरच्या खोलीचा पडदा बदलताना तिला कोणी विचारलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

आईने पुन्हा पीठ सोडलं. तोही अख्खाच सुटायला लागला. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तव्यातच कालथ्याची धार त्याच्यावर आडवी-उभी घातली. चांगला जाळीदार घावन, पार चिंध्या केल्या. मग तो कालथ्यावर गोळा केला आणि तव्याकडेच बघत, माझ्याकडे न बघता, हात बाजूला केला.

"घे. तुझो."

मी तळव्यावर घेतला. हात भाजला. फुंकर न मारताच तोंडात टाकला.

आई परत गेली. मला कोणी विचारलं, तुझं घर कुठलं, तर आता मी लगेच उत्तर देत नाही. देवबाग म्हणावं तर तिथे मला टेबलावर ताट येणार. पुणं म्हणावं तर इथे पहिला घावन कोणी हातावर देत नाही. मग मी मंडईजवळच्या दुकानातून बिडाचा तवा घेऊन आले. जड, काळा, नवाकोरा. नॉनस्टिक माळ्यावर टाकला.

रविवारी ओट्यावर ऊन आलं तेव्हा पीठ कालवलं. पहिला घावन असा चिकटला की विचारू नका. खरवडून काढला, तळव्यावर घेतला, आणि उभ्या उभ्या खाण्याआधी एका हाताने त्याचा फोटो काढून वहिनीला पाठवला. खाली लिहिलं, 'पयलो.' शिरोड्याचं मला कळलंय हे तिला सांगितलं नाही. सांगणारही नाही, डोक्यावर बसेल.

लगेच तिचा फोटो आला. तिचाही तळवा, त्यावर अर्धा खाल्लेला घावन आणि मागे पाठमोरी आई. खाली लिहिलं होतं, 'माझो बग.'

मी फोटो मोठा करून पाहिला. तिचाच जास्त फाटला होता, मेलीचा.