पडद्यावरच्या डॉक्टरांचा पाहुणचार

टॅबलेट हातात घेण्याआधी रेंजवैनी पदराला हात पुसत. हात कोरडे आणि स्वच्छ असले तरी पुसत. पडद्यावर डॉक्टरांचा चेहरा उमटला की डोक्यावर पदर घेत आणि पाण्याचा तांब्या टॅबलेटशेजारी आणून ठेवत. तो कोणासाठी, हे मी एकदा विचारलं. "पिनार नाय ते, माहीत हाय मना," त्या म्हणाल्या. "पन इचारलं पायजे ना?"

पेणच्या खाडीकाठच्या एका गावात त्या आरोग्य खात्याच्या आशाताई होत्या. मोबाइलला रेंज मिळते ती खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाच्या वळणावर, समाजमंदिराच्या ओट्यापाशी, हा शोध त्यांचा. म्हणून गावाने त्यांना हे नाव दिलं होतं. मी रोह्याजवळच्या अष्टमीचा. आरोग्य कर्मचाऱ्यांना टॅबलेट शिकवायचं काम एका संस्थेने मला दिलं होतं. त्याचं उद्घाटन पेणला थाटात झालं. मंचावरच्या प्रत्येकाने क्रांतीचा उल्लेख केला आणि एकानेही टॅबलेट चालू करून पाहिला नाही. ते बरंच झालं, कारण तो चार्ज केलेला नव्हता.

वैनी हळू शिकल्या. बटण दाबताना श्वास रोखून धरत. डॉक्टरांशी ओरडून बोलत, कारण माणूस लांब शहरात बसलेला. पण माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्यांत त्या यंत्रावर मनापासून विश्वास ठेवणाऱ्या त्या एकट्याच. मीसुद्धा ठेवत नव्हतो.

दर बुधवारी डॉक्टर पडद्यावर येत. त्या दिवशी मिठागरावरच्या बाया वैनींच्या हुकमाने तोंड धुऊन, पावडर लावून, ठेवणीतली साडी नेसून रांगेला बसत. "गो, केस नीट कर. डॉक्टर काय म्हनतील?" डॉक्टर म्हणत, "चेहरा तर छान टवटवीत दिसतोय." वैनींना ते कौतुक वाटे.

"वैनी, आजारी माणूस दाखवायचाय," मी वैतागून म्हणालो. "नवरी नाही."

"सर, तुमच्या घरी पाव्हना आला तर तुमी बनियनवर बसाल?"

"पाहुणा नाही हो, डॉक्टर आहेत ते."

"आपल्या गावात आले ना? मंग पाव्हनेच. नि पाव्हन्याला दारातच आपलं रडगानं सांगायचं नसतं. आधी सगलं बरं हाय म्हनायचं, मंग हलूहलू सांगायचं."

हळूहळू सांगायला वेळच नसे. पुढची गावं खोळंबलेली असत. बाई "बरी हाय" म्हणून लाजायची आणि तेवढ्यात तिची पाळी संपायची.

पावसाळ्याआधी एकदा बांध चढताना वैनी मध्येच खाली बसल्या. धाप लागली होती, ओठ पांढरे पडले होते. "ऊन हाय," म्हणाल्या. पुढच्या बुधवारी मी त्यांना रांगेत बसायला सांगितलं. त्या शेवटी बसल्या. घरची बाई पंगतीत पहिली बसते का, असं मलाच वर विचारलं. त्यांची पाळी येईपर्यंत डॉक्टर दुसऱ्या गावाला निघून गेले होते, म्हणजे पडदा काळा झाला होता. त्यानंतरच्या बुधवारीही तेच.

मग मी त्यांचं नाव सगळ्यात वर टाकलं. वैनी आल्या त्या पावडर लावून, अबोलीचा गजरा माळून.

"काय त्रास होतो ताई?"

"बरी हाय! तुमी जेवलात का?"

"त्यांना धाप लागते," मी मध्ये तोंड घातलं. चित्र गोठलं. वैनींचं हसू तेवढं कोपऱ्यातल्या चौकोनात राहिलं. बऱ्याच वेळाने आवाज आला, "पेणला जाऊन रक्त तपासून घ्या." डॉक्टर योग्य तेच बोलले होते. वैनींनी मान हलवली. पण गणपतीच्या कारखान्यात रंगकामाचे दिवस होते आणि त्यांचा हात तिथे लागायचा. "गनपती होऊन जाऊ द्या, सर." मी चिडलो, हात जोडले, त्यांच्या नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "माजं आयकते ती? तुमचं आयकंल तर बगा."

गणपती होऊन गेले आणि त्या एकदाच्या रोह्याला माझ्याकडे आल्या. पिशवीत माझ्या घरासाठी सुकट. मी त्यांना आमच्या ओळखीच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ओल्या कापसाने वैनींच्या गालावरची पावडर पुसली, अंगठ्याने खालची पापणी ओढून पाहिली. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात हलवायची चिठ्ठी दिली. गाडीत बसताना वैनी मला म्हणाल्या, "बुदवारी टॅबलेट चार्ज करून ठेवा. नायतर लोकं खोळंबतील."

त्या परत आल्या नाहीत. रक्ताचा आजार फार पुढे गेला होता.

दिवसकार्य आटोपल्यानंतरच्या बुधवारी मी गावात गेलो. टॅबलेट चार्ज केलेला होता. बाया आल्या होत्या, पावडर लावून. तांब्या कोणीतरी आठवणीने ठेवला होता. पहिल्या पाळीला वैनींची जाऊ बसली. डोळे सुजलेले, तेही पावडरीखाली. डॉक्टर पडद्यावर आले, इकडेतिकडे बघत म्हणाले, "आज त्या हसऱ्या ताई दिसत नाहीत? बऱ्या आहेत ना?"

जावेने माझ्याकडे पाहिलं. मग पदर सावरून पडद्याकडे पाहत मोठ्याने म्हणाली, "व्हय, बऱ्या हायत. तुमी जेवलात का?"