मिस्त्रींची तासाभराची ट्रायल

“बंद करू नका! टर्बोला दम खाऊ द्या!” लालबागचे आमचे मिस्त्री ओरडले, की मिरवणुकीतले ढोलही गप्प व्हावेत. माझ्या नव्या टर्बो हॅचबॅकच्या बॉनेटला डॉक्टरासारखा कान लावून ते दरवेळी म्हणत, “पिकअप उशिरा येतोय,” आणि तासभर ट्रायलला नेत. गाडी परतायची ती मोगऱ्याचा वास घेऊन. चांगले पार्ट काढून घेतात की काय, या संशयाने माझी झोप उडाली.

काल टॅक्सीने पाठलागच केला. परळच्या पुलावर माझी गाडी अशी सुटली, की आमची टॅक्सी रिव्हर्समध्ये चालल्यासारखी वाटली. मिस्त्रींच्या शेजारी त्यांची बायको गजरा सांभाळत खिदळत होती.

परतल्यावर विचारलं, “एकटेच गेला होतात?”

हात पुसत ते म्हणाले, “वजन असल्याशिवाय टर्बो कळत नाही.”