व्हर्नाच्या घरावर चढलेला बोजा

अॅस्टोरिया गावात शाळेची बस चालवणाऱ्या व्हर्ना निएमीनं नव्या छपराचे सगळे पैसे ठेकेदार डेल हॉगनला चुकते केले होते. डेल तिच्याच चर्चमधला. त्याची बायको आजारी होती तेव्हा हिनंच त्यांच्या घरी सूप पोचवलं होतं. काम चालू असताना छपराचा माल पुरवणाऱ्या वखारीकडून एक कायदेशीर सूचना आली, तेव्हा डेल हसून म्हणाला होता, "असले कागद सगळ्यांनाच येतात. दे फेकून." तिनं फेकला.

काम संपल्यावर दुसरा कागद आला. डेलनं छपराचा माल उधारीवर उचलून वखारीला दमडी दिली नव्हती. म्हणून वखारीनं व्हर्नाच्या घरावर बोजा चढवला होता; बाकी भरली नाही तर घर विकून वसूल करायचा हक्क.

ती तडक वखारीत गेली. "मी पैसे दिलेत."

"डेलला दिलेत, आम्हाला नाही," मॅनेजर म्हणाला. "माल आमचा, छप्पर तुमचं. कायदा असाच आहे, बाई."

"म्हणजे खाणार तो आणि घर विकायचं माझं?"

मॅनेजर घुटमळला. "डेलला पैसे देण्याआधी आमच्याकडून लिहून मागायचं होतं, की मालाचे पैसे पावले, घरावर हक्क नाही. कुणी मागत नाही."

"सांगता का कुणाला?"

तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घर वाचवायला व्हर्नानं कर्ज काढून वखारीची बाकी भरली. डेलवर दावा लावला, जिंकलीही. पण डेलची कंपनी बंद आणि ट्रक त्याच्या बायकोच्या नावावर. वसूल काय करणार, कप्पाळ?

एका सकाळी बसमधून तिला एका घरासमोर तोच ट्रक दिसला. त्यावर कंपनीचं नाव नवं, शिडीवर डेल जुनाच. मुलांना शाळेत सोडून ती परत आली आणि त्या घराची मालकीण मारिसोल हिला अंगणातच गाठून तिनं सगळं सांगितलं.

"व्हर्ना, तुझा काय संबंध?" डेल वरून ओरडला.

"तुझी उधारी माझ्या घरानं फेडलीय. संबंध कसा नाही?"

मारिसोलनं डेलकडे वखारीचा कागद मागितला. आणतो म्हणून तो ट्रक घेऊन गेला, तो फिरकलाच नाही. उघड्या छपरावर ताडपत्री घालून मारिसोलनं दुसरा माणूस शोधला.

ती आभार मानायला आली, तेव्हा व्हर्ना दारातच म्हणाली, "आभार राहू दे. वखारीचा कागद मागायचा, हे तुझ्या शेजारणीला सांगितलंस का?"