महिनाभराची भाकरी

शिवबाईची भाकरी मोडली की तिसऱ्या घरात ऐकू जाते, असं आमच्या गल्लीत म्हणतात. यात थोडी फेकाफेक आहे. तिसऱ्या घराचं काही सांगता येत नाही, पण शेजारच्या लालबीला मात्र नक्की ऐकू जातं, कारण लालबीचा कान कायम भिंतीलाच लागलेला असतो.

सोलापुरात कडक भाकरी करून विकणाऱ्या बायका पुष्कळ, पण शिवबाईसारखा तोरा कुणाचा नाही. ज्वारीचं पीठ मळायचं, पापडाइतकी पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजून चुलीच्या कडेला उभी करायची आणि मग टोपलीत घालून वाऱ्याला ठेवायची. दोन-दोन महिने काही होत नाही तिला. दुसऱ्या कुणाची भाकरी जरा वाकली की शिवबाई ती चारचौघींत उचलून धरणार आणि विचारणार, "ही भाकरी हाय का चादरीचा तुकडा?" या एका वाक्यावर तिनं निम्म्या गल्लीशी वैर घेतलं होतं. उरलेली निम्मी गल्ली मुकाट्यानं तिच्याकडूनच भाकरी घ्यायची.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. माहेर अक्कलकोटच्या खालच्या अंगाला, त्यामुळे घरात निम्मी कानडी. एकुलती एक लेक चेतना तिला अव्वा म्हणते. चेतनाच्या लग्नाला चार-पाच वर्षं झाली. जावई सुबोध बँकेत, स्वभावानं गरीब. गेल्या साली त्याची बदली झाली ती थेट कोकणात, गुहागरला. घरामागं सुरूची झाडं आणि झाडांमागं समुद्र. लोक सुट्टी काढून, खर्च करून जातात तिथं, आणि चेतना मात्र फोनवर एकच धोशा लावायची, "अव्वा, ये की हितं. कायमची ये."

शिवबाईला जायचं नव्हतं असं समजू नका. अर्धा जीव तिकडंच होता तिचा. फोन ठेवला की ती घासलेली परात पुन्हा घासत बसायची. अडचण वेगळी होती. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही, अशी रीत तिच्या सासूनं घालून दिली होती, आणि चेतनाला अजून मूल नव्हतं. सासू कधीच वर गेली, पण तिचे नियम शिवबाई सासूपेक्षा जास्त पाळायची. चहा तेवढा चालतो, असं तिनं स्वतःच ठरवलं होतं. चहा म्हणजे काही अन्न नाही. आता चहा नसला की तिचं डोकं धरतं, ही गोष्ट वेगळी.

मे महिन्यात एके दिवशी चेतना फोनवर नुसती रडली. का ते सांगेना. मग शिवबाईनं तोडगा काढला. महिनाभर जायचं, पण महिनाभराची भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर घेऊन जायची. बरं वाटलं तर पुढंही राहायचं. सोलापूरहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर भाकरी मागवता येते. रीतही राहील आणि लेकही राहील. दोन्ही डगरींवर हात ठेवायला शिवबाईला पहिल्यापासून आवडायचं.

दोन दिवस चूल विझली नाही. भाकऱ्यांची चळत वेताच्या टोपलीत बसली, वर पांढरं फडकं बांधलं. लालबी दारात येऊन उभी राहिली.

"समुंदर देखने जा रई की दुष्काल काटने?" तिनं विचारलं. "आन टोपलीत काय को ठेवली? डब्बे में भर ना."

"डब्यात कोंडली की वास येतो. भाकरीला वारा लागाय पायजे."

"वहाँ का वारा गीला रहता, शिवबाई."

"वारा त्यो वाराच. गीला काय नि सुका काय."

लालबीनं कपाळावर हात मारला आणि निघून गेली. अर्थात फार लांब नाही, भिंतीपर्यंतच.

एसटीत कंडक्टरनं टोपली वर ठेवायला सांगितली, तर शिवबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की पुढच्या प्रवासात तो तिच्या बाकापाशी थांबलाच नाही. मांडीवर टोपली घेऊन ती बसून राहिली. घाट उतरला तसं अंग चिकट व्हायला लागलं. पुसला तरी घाम वाळेना. सोलापूरच्या उन्हात आयुष्य गेलेल्या बाईला घाम वाळत नाही म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. आपल्याला ताप भरलाय असं समजून तिनं चिपळूणला गाडी बदलताना औषधाच्या दुकानातून एक गोळी घेतली.

चेतना फाटकापाशीच उभी होती. वाळली होती. आईला बघून तिनं आईचा पदर धरला तो घरात जाईपर्यंत सोडला नाही. जेवायला तिनं हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर केली होती, आईला आवडते म्हणून, वर तूप सोडून. शिवबाईनं हुग्गीकडं बघितलं आणि आपल्या टोपलीचं फडकं सोडलं.

"माझं मी आणलंय," ती म्हणाली.

चेतनानं हुग्गीवर झाकण ठेवलं. वाटी उचलून तिनं आत नेऊन ठेवली.

शिवबाईनं भाकरी दोन्ही हातांत धरली आणि मोडली. मोडली म्हणजे मोडायला गेली. भाकरी वाकली. दुसरी घेतली, तीही वाकली. तिसरीला तर घडी पडली. घरात पंखा सोडून कशाचाही आवाज नव्हता.

"आई, इथली हवा दमट आहे," सुबोध हळूच म्हणाला. "पापडही राहत नाहीत."

"परवासात दमली आसंल," शिवबाई म्हणाली. भाकरी दमते हे सोलापुरात कुणी ऐकलं नव्हतं, पण जावयानं मान हलवली.

त्या दिवसापासून तिनं टोपलीशी लढाई मांडली. खिडकीत ठेवली, पंख्याखाली ठेवली, तव्यावर पुन्हा भाजली. तव्यावर कडक व्हायची, ताटात येईपर्यंत मान टाकायची. मग बुरशी आली. तेवढ्या भाकऱ्या शिवबाईनं कुणाला न दाखवता घराबाहेरच्या गाईला घातल्या. आख्ख्या गल्लीच्या भाकऱ्यांना नावं ठेवलेली बाई ही, हे दृश्य लालबीनं बघितलं असतं तर तिच्या डोळ्यांचं पारणं फिटलं असतं.

उरलेली भाकरी पुरवायची म्हणून शिवबाईनं उपास सुरू केले. सोमवार सिद्धेश्वराचा, तो खराच होता. मंगळवार देवीचा. उपासाचा साबुदाणाही लेकीच्याच घरचा, म्हणून स्वतः जाऊन केळी आणायची आणि दिवस काढायची. बुधवारीही ताटावर येईना तेव्हा सुबोधनं विचारलं, "आई, बुधवार कुठल्या देवाचा असतो?"

"आमच्याकडं आसतो," शिवबाई म्हणाली आणि चहा मागितला.

चेतना तिच्या तोंडाकडं बघत राहायची. दुपारी सुबोध बँकेत असायचा. चेतना एकटी जेवायला बसायची आणि चार घास खाऊन उठायची. शिवबाई दाराआड बसून भांड्यांचे आवाज ऐकायची. पण रीत ती रीत.

मग तिच्या ध्यानात आलं की समुद्रावर ऊन आहे. ऊन म्हटलं की सोलापूरच्या माणसाला बळ येतं. चेतना आंघोळीला गेल्याचं बघून तिनं टोपली आणि आपली चादर उचलली, सुरूच्या झाडांतून खाली उतरली आणि कोरड्या वाळूवर चादर अंथरून भाकऱ्या ओळीनं मांडल्या. हातात काठी घेऊन राखण करत बसली. एक कावळा हाकलला, दोन कुत्री हाकलली. पुण्याचं एक जोडपं आलं, गॉगल लावून.

"मावशी, हे कसले पापड? मासळीचे का?"

शिवबाई शाकाहारी घरातली. तिचं तोंड बघण्यासारखं झालं.

"भाकरी हाय ती. आन विकायची न्हाय."

"सेल्फी काढू का?"

"भाकरीचा काडा. माझा नगं."

ती माणसं गेली. ऊन खणखणीत होतं, पोट रिकामं, झाडाखाली सावली. शिवबाईचा डोळा लागला.

समुद्राला भरती येते हे तिनं ऐकलं होतं, पण सोलापूरच्या माणसाला पाणी म्हणजे तळं. तळं पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं. भर दुपारी उठून अंगावर येत नाही. पायाला गार लागलं म्हणून ती जागी झाली, तोवर चादर अर्धी भिजली होती आणि भाकऱ्या निघाल्या होत्या. एकेक लाट यायची आणि चार-दोन घेऊन जायची. शिवबाई लुगडं खोचून पाण्यात शिरली. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती भाकऱ्या वेचत होती आणि समुद्राला कानडीतून शिव्या देत होती, जोरात नाही, गल्लीतल्या बाईला देतात तशा, पुटपुटत.

आईला शोधत चेतना तिथं पोचली तेव्हा तिला हे दिसलं. ती आधी हसली. वाळूत बसून, पोट धरून हसली. शिवबाईला रागच आला. पण वेचलेल्या भाकऱ्या घेऊन ती बाहेर आली तेव्हा तिचा दोनदा झोक गेला. चेतनाचं हसू गेलं.

"किती दिवस उपाशी हायस, अव्वा?"

"उपास हाय माझा."

"कुणाचा?"

शिवबाईला देव आठवेना.

"लोकं काय म्हणतील, चेतना? लेकीच्या घरी बसून खाती म्हणतील. लेकरू झालं की मग जेवीन की मी. पोटभर जेवीन."

चेतना समुद्राकडं बघत होती.

"त्या दिवशी फोन केलता न्हवं मी, रडले ती. डॉक्टरकडनं आल्याव केलता. मला मूल हुनार न्हाय, अव्वा. सुबोधनं समजून घेतलं. त्याच्या आईनं सुद्धा एक शब्द काढला न्हाय." तिनं आईकडं वळून बघितलं. "तू मातर रोज मी वाढल्यालं ताट सरकवतीस. त्या हुग्गीची वाटी आत नेऊन ठेवताना मला काय वाटलं आसंल? आता कवाच जेवनार न्हाईस का तू माझ्याकडं?"

शिवबाईनं हातातल्या भाकऱ्यांकडं बघितलं. तिला स्वतःची लाज वाटली, अशी की आजवर कधी वाटली नव्हती. सासूची रीत पाळताना आपण आपल्याच लेकीला रोज मारतोय, हे तिला कळायला महिनाभराची भाकरी जावी लागली.

हातातल्या ओल्या भाकऱ्या तिनं पुढच्या लाटेत सोडून दिल्या. चादर तशीच पडू दिली. वाकून तिनं चेतनाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि खारट हातानं तिचे डोळे पुसले, त्यामुळे ते आणखीच झोंबले.

"ऊठ," ती म्हणाली. "काय केलंयस आज?"

"आमटी-भात."

"चल घरी. वाढ मला. लई भूक लागलीया."