अन्वर मिस्त्रीच्या नऊ पेट्या

देऊळघाटच्या अन्वर मिस्त्रीकडून कपाट घेतलं की ते घरी न्यायच्या आधी एक परीक्षा असे, आणि ती गिऱ्हाईकाने घ्यायची असे. कपाट बाहेरून बघायचं नाही. दार उघडायचं, हात आत घालायचा आणि मागच्या फळीवरून, खणांच्या खालून, कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवायचा. कुठे कुसळ टोचलं तर कपाट तो पुन्हा करून देणार. आम्ही अठ्ठ्याण्णव साली घेतलं तेव्हा मीही हात फिरवला. कपाटात खांद्यापर्यंत शिरलेला माणूस फार शहाणा दिसत नाही. मागे माझी बायको शरयू हसत होती. मिस्त्री मात्र निकालाची वाट बघत असल्यासारखा गंभीर उभा होता.

या सवयीला कारण होतं. धंदा सुरू केल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी त्याने एका लग्नाचं कपाट केलं होतं. बाहेरून चकाचक, आतून खरबरीत. सगळेच सुतार तसं करतात, कारण आत कोण बघतो. नवरीचा शालू आतल्या फळीला अडकला आणि हातभर धागे ओढले गेले. नवरीच्या बापाने तक्रार केली नाही, फक्त आठवडी बाजारात चार लोकांना सांगितलं. मिस्त्रीने बैलगाडी करून कपाट परत आणलं, आठ दिवस दुसरं काम घेतलं नाही, आणि आतून असं घासलं की लोक ते बघायला दुकानावर येऊ लागले. पुढे तीच त्याची ओळख झाली. आता दुकान त्याचा मुलगा जुनेद चालवतो, तिथे प्लायवूड आणि सनमायका असतं, आणि आत हात घालायची कोणाला सवड नाही.

मी वैजनाथ. बुलढाण्याच्या कोर्टात तेहेतीस वर्षं कारकुनी केली. पक्ष्यांत मला रस नव्हता, अजूनही फार आहे असं नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या मुलीने, इराने, पुण्याहून शरयूच्या फोनवर एक फोटो पाठवला: झाडाला टांगलेली लाकडी पेटी, पुढे गोल भोक, भोकात पक्ष्याचं डोकं. शरयूला तशीच पेटी हवी झाली. मिस्त्रीने फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि पंधरा दिवसांनी पेटी घेऊन आला. उरलेल्या सागवानाची, वर बिजागरीचं झाकण, जोड असा की फट शोधून सापडू नये. फोटोत आतली बाजू दिसत नव्हती, ती त्याने आपल्या रिवाजाप्रमाणे केली. आधी रंधा, मग काचपेपर, शेवटी मेण. आम्हाला हात घालायला लावलाच. शरयू म्हणाली, "अन्वरभाऊ, पक्ष्याला कशाला हो इतकं?"

"त्याचे पिल्लं कोवळे ऱ्हायतीन, बाई," तो म्हणाला. "अंगाले कुसळ टोचलं तर बोलतीन कोनाले?"

अंगणातल्या झाडाला पेटी टांगली, पण पहिल्या वर्षी तिच्यात कोणी आलं नाही. दुसऱ्या वर्षी एक सरडा राहून गेला. यंदा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दयाळ पक्ष्याची जोडी आली. नर काळा-पांढरा, शेपूट उभं ठेवून ऐट करणारा, मादी राखाडी आणि कामाची. काड्या, मुळं, केस, सगळं तिनेच आणलं. तो समोरच्या तारेवर बसून गात होता. शरयूला यात काही ओळखीचं वाटलं असावं, कारण तिने माझ्याकडे बघितलं.

मिस्त्रीला बातमी कळली आणि तो दर बाजाराच्या दिवशी देऊळघाटहून बसने येऊ लागला. अंगणात खुर्ची टाकून तासभर पेटीकडे बघत बसायचा. एकदा म्हणाला, "बाबूसाहेब, एवढे कपाटं केले, पन कोनाच्या कपाटात काय हाये मले मालूम नाई. हे एकच चीज अशी, का माह्यासमोर कोनाचे लेकरं त्यात वाढून राह्यले."

"अन् पलंग केले त्याचं काय?" मी म्हणालो. तो इतका हसला की मादी उडून गेली. शरयू आत निघून गेली.

मी नोंदी ठेवू लागलो. हा दोष नोकरीचा. चार अंडी, फिकट निळसर, तपकिरी ठिपक्यांची. बारा एप्रिलला पिल्लं निघाली. पुस्तक आणून वाचलं, त्यात लिहिलं होतं की पंधरा दिवसांच्या आसपास पिल्लं पेटी सोडतात. मग घरात हुकूम काढला: पेटीला कोणी हात लावायचा नाही, झाकण उघडायचं नाही, खाली झाडायचंसुद्धा नाही. शरयू म्हणाली की कोर्टातला पट्टा अजून गळ्यातच आहे. मी लक्ष दिलं नाही.

सत्तावीस तारखेला पंधरा दिवस पुरे झाले. त्या दिवशी आईबाप चोचीत अळी घेऊन पेटीत न जाता फांदीवरून हाका मारत राहिले. आतून चिवचिव येत होती आणि मधेच खरडल्यासारखा आवाज. पिल्लू काही बाहेर आलं नाही. शरयू म्हणाली, "काहीतरी बिनसलंय. मिस्त्रींना बोलावू या." मी म्हणालो, निसर्गात ढवळाढवळ करायची नसते. ते वाक्य मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं. अठ्ठावीसला आईबाप दोन-तीनदाच आत गेले. आतला आवाज कमी झाला होता. मी वहीत लिहिलं, 'आवाज मंद', आणि पेपर वाचायला घेतला.

एकोणतीसला सकाळी नऊच्या बसने मिस्त्री आला. तो बाजाराचा दिवस नव्हता. शरयूने मला न सांगता फोन केला होता.

तो खुर्चीवर बसला नाही. पेटीखाली उभा राहून त्याने कान वर केला आणि बराच वेळ ऐकत राहिला. खरडण्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मला तो तीन दिवस ऐकू येत होता. त्याला तो लाकडावरचा आवाज म्हणून ऐकू आला.

"चढून राह्यले," तो म्हणाला. "पन नखं घसरून राह्यले, बाबूसाहेब. पाय रोवाले जागाच नाई आत."

भोक घरट्यापासून वीतभर वर होतं. रानात झाडाच्या ढोलीला आतून खडबडीत साल असते, पिल्लू तिच्यात नखं रोवून चढतं. इथे मेण लावलेलं सागवान. पिल्लांना पंख होते, आवाज होता, बाहेर आई अळी घेऊन बोलावत होती, आणि मधे मिस्त्रीचं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम उभं होतं.

त्याने स्टूल मागितलं आणि स्क्रू-ड्रायव्हर. सदुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, स्टुलावर चढला. झाकण उघडून आत पाहिलं, आणि क्षणभर थांबला. नर दयाळ त्याच्या टोपीवर येऊन टोचा मारत होता. मिस्त्रीने मान खाली घातली, पुढच्या फळीच्या आतल्या अंगाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि आडवी खाच ओढली. खोल, वाकडी, कच्च्या पोरानेसुद्धा ओढू नये अशी. मग तिच्यावर दुसरी. मी खालून मोजत होतो, अकरा झाल्या. स्टूल मी धरलं होतं. मला त्या माणसाचं इतकं वाईट वाटलं की मी वर बघणं सोडलं.

झाकण लावून तो खाली उतरला आणि आम्ही तिघं व्हरांड्यात जाऊन बसलो. तासाभराने भोकात एक ठिपकेदार डोकं आलं. ते इकडे बघून, तिकडे बघून सरळ जास्वंदीत जाऊन पडलं. चार वाजेपर्यंत आणखी दोन निघाली. शरयूच्या डोळ्यांना पाणी आलं.

"चौथं?" मी विचारलं.

"ते नाई येनार. मी झाकन उघडलं तवाच पाह्यलं."

त्याने ते बाहेर काढलं, जास्वंदीच्या मुळाशी स्वतःच्या हाताने पुरलं. कधी मेलं असेल हे त्याने विचारलं नाही. मी वही कपाटात ठेवून दिली.

हात धुताना तो म्हणाला, "मी अजून आठ पेट्या केल्या हायेत."

त्याची हकीकत अशी. आमच्या पेटीनंतर उरलेल्या तुकड्यांतून त्याने तशीच एक नातीसाठी, झेबासाठी केली. त्याची मुलगी नाजिश लोणार तालुक्यात सुलतानपूरला दिलेली आहे, तिथे ती पेटी गेली. मागच्या वर्षी तिथे दयाळाने घरटं केलं, आणि नाजिशने फोनवर सांगितलं की अब्बा, सगळी पिल्लं उडून गेली. त्या एका फोनवर मिस्त्रीने यंदा सात पेट्या केल्या आणि जुन्या गिऱ्हाइकांना फुकट वाटल्या. आणि हा तर घरट्यांचा हंगाम.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवर मागे बसून तो निघाला. पिशवीत पटाशी आणि कानस. चार घरं बुलढाण्यात होती, तीन देऊळघाटात. प्रत्येक दारात तो एकच वाक्य बोलायचा, "माह्याकडून चूक झाली, ते पेटी खराब कराले आलो." लोकांना कळायचंच नाही. तीन ठिकाणी चिमण्या होत्या, त्यांनी भोकापर्यंत गवत कोंबलं होतं, त्यांना काही धोका नव्हता. त्याने घरटी बघून झाकणं परत लावली आणि खाचा पाडायला पावसाळ्यात येतो म्हणाला. दोन पेट्या रिकाम्या निघाल्या, त्यांत तिथेच उभं राहून खाचा पाडल्या. एका घरी पेटी टीव्हीशेजारी होती, आत रिमोट. त्या घरच्या पुष्पांजलीबाई शिक्षिका, त्यांनी पेटी छातीशी धरली. "इतकं सुंदर काम, अन् तुमी त्याले पटाशी लावता? मी नाई देत." शेवटी ती पेटी झाडावर कधीही टांगायची नाही असं त्याने वदवून घेतलं. सातव्या घरी दयाळ होते, पिल्लं आठ दिवसांची. खाचा काढताना तो पिल्लांशी हळू आवाजात बोलत होता, काय ते मला ऐकू आलं नाही.

एका दिवसात सात घरी जाऊन आपलं काम वाईट आहे असं सांगणारा कारागीर मी पहिल्यांदा पाहिला. कोर्टात तेहेतीस वर्षांत एक माणूस आपणहून चूक कबूल करताना दिसला नव्हता.

राहिली सुलतानपूरची. तिचं त्याने फोनवर काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने मेहकरमार्गे एकटा गेला आणि दोन दिवसांनी परत येताना आमच्याकडे उतरला. शरयूने चहा ठेवला.

"नाजिशनं पेटी उतरवून माळ्यावर ठेवली होती," तो म्हणाला. "धुऊन, पुसून. मी म्हटलं, पोरी, लोकं पेटी टांगून ठेवतेत, तू काऊन उतरवली? तं रडाले लागली. मागच्या सालीच तिनं झाकन उघडलं होतं. चार होते आत. चारी."

"अन् फोनवर..."

"उडाले म्हने. तुमी इतके खुश होते अब्बा, मले तोंड उघडवलं नाई, म्हने."

शरयूने चहाचे कप आणून ठेवले आणि तीही बसली.

"तुमी काय म्हणाले तिले?" मी विचारलं.

"काय म्हनू? माह्यासाठीच खोटं बोलली ते." त्याने कप उचलला, परत ठेवला. "तवा बोलली असती तं मी त्याच दिवशी इथं येऊन तुमची पेटी खरडली असती. हे तुमचं चौथं वाचलं असतं."

हे मला ऐकवलं नाही. मी म्हणालो, "मिस्त्री, ते तिच्यामुळं नाई मेलं. पंधराव्या दिवशीच मले समजलं होतं का काहीतरी गडबड हाये. शरयू तुमाले फोन कर म्हणत होती. मीच करू देल्ला नाई."

"मालूम हाये," तो म्हणाला. "बाईनं मले बोलावलं, तवाच फोनवर सांगतलं होतं."

मी शरयूकडे पाहिलं. ती चहात साखर ढवळत होती. मिस्त्रीने चहा संपवला, पिशवी उचलली आणि चार वाजताच्या बसने देऊळघाटला गेला.