सर्दीचं गुलाबी औषध

पुण्याच्या मानसोपचार डॉक्टरांनी मला गोळ्या सुरू केल्या तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. सर्दी, खोकला, दमा, कशाचंही औषध परस्पर घ्यायचं नाही. त्यातली काही या गोळ्यांच्या जोडीला पोटात गेली तर रक्तदाब एकाएकी चढतो, मेंदूतली शीर फुटू शकते. कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तर आधी गोळ्यांचं नाव सांग.

घरी येताच आईनं गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल भिजवून काढलं. "ताकदीच्या गोळ्या आहेत म्हणायचं," ती म्हणाली. देवळाली प्रवऱ्यात अशा गोळ्या म्हणजे वेड्याच्या गोळ्या, आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. मी पुण्याला वसतिगृहात राहून इंग्रजी माध्यमात शिकलेली, तेवढ्यानंच निम्मे लोक बिचकायचे.

रविवारी संगमनेरचे पाहुणे मला बघायला येणार होते आणि शुक्रवारी माझं नाक गळायला लागलं. स्थळ आत्यानं आणलेलं. तिनं मला न विचारता औषधासाठी घरातली एक रिकामी बाटली पिशवीत टाकली, दवाखान्यात जाऊन माझं दुखणं स्वतःच सांगितलं आणि औषध घेऊन आली. आमच्याकडे रीतच तशी होती, रोगी घरात आणि बाटली दवाखान्यात. औषध गुलाबी होतं. बाटलीला कातरलेल्या कागदाची पट्टी, एका खाचेपर्यंत एक डोस. आत काय आहे ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"पी मुकाट्यानं. रविवारी शिंकत पोहे देनार हाईस का?"

"यात काय आहे?"

"औशद हाय. आनखी काय असतंय?"

मी बूच काढून वास घेतला. वासावरून काय कळणार? आईकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत राहिली. तिला सगळं ठाऊक होतं आणि ती बोलत नव्हती. त्या वेळी मला आईचीसुद्धा भीती वाटली.

"नंतर घेते."

"आता का न्हाई?" आत्याची नजर माझ्या तोंडावरून पोटापर्यंत उतरली. "वैनी, पोरीला दिस-बिस तर ऱ्हायले न्हाईत ना? तवाच पोरी औशदाला भित्यात."

आईच्या हातातलं सूप थांबलं. "वन्सं, भलतंसलतं बोलू नका!"

मी चपला घातल्या आणि बाटली घेऊन निघाले. आत्या मागोमाग आलीच.

दवाखाना म्हणजे एकच खोली. डॉक्टरांच्या टेबलापासून बाकडं इतकं जवळ की कुणाचंही दुखणं सगळ्यांनी ऐकावं. बाकड्यावर बायका खेटून बसल्या होत्या. बाकड्यावर कुणाला कळू नये म्हणून मी गावात प्रथमच ठरवून, माणसांदेखत, इंग्रजीत बोलले. गोळ्यांचं नाव सांगितलं, पुण्याच्या डॉक्टरांचा इशारा सांगितला.

"इंग्रजी सर्दी दिसतीया," बाकड्यावरून कुणी म्हणालं. बायका हसल्या.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कंपाउंडरला बोलावून बाटलीत काय घातलंय ते हळू आवाजात विचारलं. मग मला म्हणाले, "एखादा डोस घेतलास?"

"नाही."

त्यांनी बाटली मोरीत पालथी केली. "वाफ घे. मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर. दुसरं काही नको."

"का वो डाक्टर?" आत्या पुढे झाली.

"सोसायचं नाही तिला."

एवढंच. पण आत्याचं समाधान झालं नव्हतं, ते तिच्या चालण्यावरूनच कळत होतं. रस्त्यानं ऊस भरलेल्या गाड्या चालल्या होत्या. त्यांना वाट देत आम्ही कडेला उभ्या राहिलो तेव्हा ती म्हणाली, "त्या ताकदीच्या गोळ्या न्हाईत."

मी रुमालानं नाक पुसलं.

"डाक्टरानं आख्खी बाटली वतली. उगं वतंल का? मी आनलेलं तू पेली असतीस तर काय झालं असतं?"

"मेले असते कदाचित."

तिनं माझा दंड धरून मला गाड्यांपासून आणखी कडेला ओढलं. मग म्हणाली, "नाव सांग त्या गोळीचं. उद्या तू पडलीस, तुझी आई अशीच गप बसली, तर मी डाक्टरला काय सांगू?"

ती हे माझ्यासाठी विचारत होती की संगमनेरच्या पाहुण्यांसाठी, ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळेना. मी नाव सांगितलं. तिला ते नीट म्हणता येईना, म्हणून पुन्हा सांगितलं, सावकाश, तिच्या तोंडात बसेपर्यंत.